मागच्या शेडमधलं तेल

वायरमनने शेडचं दार उघडलं, बॅटरीचा झोत आत फिरवला आणि तो आल्या पावली बाहेर आला.

"वहिनी, आधी हे हलवा. मग मी हात लावतो."

"काय हलवू?"

"हे तेलाचे कॅन. हे तेलकट बोळे. वर वायरी उघड्या पडल्यात आणि खाली हा सगळा दारूगोळा. एक ठिणगी पडली तर शेडच काय, घरही जागेवर राहायचं नाही."

वहिनी दारातच उभ्या होत्या. पायात अजून कामावरचे बूट होते, खांद्याला पर्स होती. वायरमन भला माणूस होता आणि तो म्हणत होता ते खरंही होतं. पण खरं बोलणाऱ्याचासुद्धा कंटाळा यावा अशी ती संध्याकाळ होती. "बरं," त्या म्हणाल्या, "हलवते." त्याने आपली पिशवी उचलली आणि तो गेला.

त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणायची, कारण त्यांच्या नवऱ्याला सगळी गल्ली दादा म्हणायची. दादा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या लिफ्ट वरखाली करून घरी आले की सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीखाली शिरायचे. गॅरेजवाला नवं तेल म्हणून काय ओततो ते देवच जाणे, असं त्यांचं ठाम मत. म्हणून गाडीचं ऑइल ते घरीच बदलायचे. आपल्या गाडीचं झालं की धाकट्या भावाच्या गाडीचं, आणि मग शेजारी कुणी 'दादा, एवढं आमचंही' म्हणालं की त्याचंही. खाली पुठ्ठा अंथरायचा, इंजिन जरा कोमट असतानाच बूच काढायचं, काळं तेल घमेल्यात उतरू द्यायचं. मग तेच तेल नरसाळ्याने रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण पिळायचं आणि कॅन शेडमध्ये ठेवायचा. गटारात एक थेंब त्यांनी कधी जाऊ दिला नाही. शहराबाहेर पालिकेचं केंद्र आहे, तिथे असलं तेल घेतात, हे त्यांना माहीत होतं. "गाडीभर साठलं की एकदमच नेऊन देऊ," असं ते म्हणायचे. ते एकदम काही उजाडलं नाही. गेल्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि दादा गेले. कॅन राहिले.

त्यानंतर वहिनींनी शेडचं दार फारसं उघडलंच नव्हतं. त्या मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत होत्या. सकाळपासून चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. रोलरमधून वाफाळती चादर बाहेर आली की दोघींनी दोन टोकं धरायची, एक पाऊल पुढे, घडी, एक पाऊल मागे, पुन्हा घडी. घरी येईपर्यंत खांदे आपले नाहीत असं वाटायचं. मग मुलीचा, चिऊचा अभ्यास, स्वयंपाक, कपडे. स्वतःच्या घरच्या चादरी मात्र महिनामहिना बदलायच्या राहायच्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. ते बेकरीची गाडी चालवायचे. दुकानादुकानांत पावाचे क्रेट उतरवायचे. जाताना वहिनींकडे एक पाव टाकून जायचे, आणि पावाबरोबर हजार गोष्टी करून जायचे. नळ गळतोय, भाऊजी. चिऊला शाळेत सोडायचंय, भाऊजी. बँकेत सही लागते, दादांच्या कंपनीतून कागद आलाय, गॅसची शेगडी पेटत नाही. दादा गेल्यापासून 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"भाऊजी, ते शेडमधलं तेल..."

"टाकतो मी."

"टाकायचं नाही हो, नेऊन द्यायचंय. त्या केंद्रावर. हे म्हणायचे ना."

"तेच म्हणतोय. देतो नेऊन." त्यांनी चहा उभ्यानेच प्यायला, कप विसळून ठेवला आणि ते निघाले. निघताना त्यांनी दाराच्या चौकटीला क्षणभर खांदा टेकला होता. ते वहिनींनी पाहिलं होतं. पण पाहिलेलं सगळंच काही मनावर घेता येत नाही.

दोन-चार दिवसांनी त्या कामावरून आल्या तर शेड रिकामी. कॅन नाहीत, बोळे नाहीत, जमीन झाडलेली. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या रिकाम्या शेडमध्ये पालथ्या बादलीवर थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. संध्याकाळी त्यांनी फोन केला. "भाऊजी, दिलं का सगळं?"

"झालं ते," भाऊजी म्हणाले. मागे गाडीचा आवाज येत होता. वायरमन आला, त्याने वायरी बदलल्या, नवा बल्बही लावला. एक काम हातावेगळं झालं.

पुढच्या आठवड्यात जोराची सर येऊन गेली, आणि तिसऱ्या प्रहरी चित्रकलेच्या बाई दारात आल्या.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गल्लीच्या उतारावरचं शेवटचं घर त्यांचं. घरामागे एक लहानसं तळं होतं. गल्लीतल्या सगळ्या घरांमागून पावसाच्या पाण्याचं जे गटार वाहायचं, ते तिथेच जाऊन पडायचं. तळ्यात बाईंची बदकं होती. बाईंना माणसांपेक्षा बदकांचा लळा जास्त, असं गल्लीत म्हणत, आणि बाई ते नाकारत नसत.

"जरा येतेस का माझ्याबरोबर?" बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

तळ्यावर रंगीत साय धरली होती. उन्हात ती जांभळी, हिरवी, पिवळी दिसत होती, आणि काठाच्या गवताला काळी रेघ आली होती. वास ओळखीचा होता. दादांच्या सुट्टीच्या दिवसाचा वास. बदकं पाण्याबाहेर येऊन एकमेकांना चिकटून बसली होती. पांढरी पिसं चिंध्यांसारखी अंगाला लगडलेली. त्यातलं एक चोचीने पिसं साफ करू पाहत होतं आणि मध्येच थांबून मान टाकत होतं. थोड्या अंतरावर एक बदक पडलं होतं. ते गेलेलं होतं.

"तुमच्याकडचं तर नाही ना गं? तुझ्या नवऱ्याच्या त्या कॅनमधलं?"

"नाही हो बाई," वहिनी लगेच म्हणाल्या. "भाऊजी स्वतः जाऊन केंद्रावर देऊन आले. मी सांगितलं होतं त्यांना."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "मग कुणाचं असेल?" एवढंच म्हणाल्या.

वहिनी घरी आल्या त्या सरळ शेडच्या मागे गेल्या. गटाराची जाळी काळी झाली होती. बाजूच्या भिंतीवर शिंतोडे उडाले होते, आणि जाळीच्या तोंडाशी माती अशी चिकट झाली होती की बुटाचा तळवा सुटेना. भिंतीला लागून दोन रिकामे कॅन उपडे ठेवले होते, निथळायला ठेवावेत तसे. त्या पाहत राहिल्या. राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात थोडी ताकद असावी लागते. 'आता हेही' एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी फोन लावला. "भाऊजी, येताय का जरा? नाही, नळाचं नाही. या तुम्ही."

भाऊजी आले, स्वयंपाकघरात बसले. वहिनींनी चहा ठेवला नाही, त्यावरूनच त्यांनी ओळखलं असावं.

"बाईंच्या तळ्यात तेल गेलंय," वहिनी म्हणाल्या. "एक बदक मेलं. मी त्यांना छातीठोकपणे सांगून आले की आमचं नाही म्हणून."

भाऊजींनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. त्यांच्या हातांना कायम पिठाचा वास असायचा.

"गेलो होतो मी केंद्रावर," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. बेकरीच्या गाडीतूनच नेले कॅन, मधल्या वेळात. मोठी रांग होती. माझा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने एक कॅन उघडून वास घेतला. म्हणाला, यात पेट्रोल आहे, हे असं मिसळलेलं चालत नाही. एकात असेल तर बाकीच्यांत काय काय असेल? प्रत्येक कॅन तपासा, पेट्रोलचा वेगळा करा, झाकणं घट्ट लावा, मग आणा."

"यांनीच ओतलं असेल. पार्ट पेट्रोलने धुवायचे ना."

"दादानेच. पण मी त्या माणसाला काय सांगणार? परत फिरलो. वळणावर एक कॅन आडवा झाला आणि झाकणातून तेल गळलं. सगळे क्रेट खराब. मालक सगळ्यांसमोर बोलला. बोलला म्हणजे काय, नाही नाही ते बोलला. मग इथे आलो. म्हटलं, सगळे उतरवून पुन्हा शेडमध्ये ठेवावेत. तर तुम्ही विचाराल, पुन्हा वायरमन येईल, पुन्हा मी जायचं. जाळी समोरच होती. वहिनी, माझ्याच्यानं होईना. दोन कॅन ओतले. तिसऱ्याला हात उचलेना. दादाच दिसायला लागला डोळ्यांसमोर, पुठ्ठ्यावर झोपलेला. बाकीचे माझ्या घरी जिन्याखाली ठेवलेत. हिलाही नीट सांगितलेलं नाही."

"आणि मला म्हणालात, झालं म्हणून."

"म्हणालो."

वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना खूप बोलायचं होतं. पण समोरच्या माणसाचे डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली, शर्टाच्या बाहीला वाळलेलं पीठ. हा माणूस रोज पहाटे उठतो. रोज आपल्या दारात पाव ठेवून जातो. आपण त्याला कधी 'बसा' म्हटलं होतं?

"बाईंना सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

"सांगतो."

"एकटे नका जाऊ. मीही येते. खोटं मीही बोललेच की. मला माहीत नव्हतं, एवढंच."

बाईंनी दोघांना दारातच उभं करून ऐकून घेतलं. भाऊजींनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सबब सांगितली नाही. पेट्रोलचं, मालकाचं काहीच बोलले नाहीत. "मी ओतलं," एवढंच. वहिनींना वाटलं, बाई आता तोंडसुख घेतील. पण बाई म्हणाल्या, "माझ्याच्याने तुम्हाला माफबिफ काही करवणार नाही आज. जे गेलं ते माझ्या हातचं खायचं. पण बाकीची अजून जिवंत आहेत. त्यांचं काय ते आधी बघा."

मग कामं सुरू झाली. कामं सुरू झाली की माणसाला बोलावं लागत नाही, ते एक बरं असतं. वहिनींनी पालिकेत फोन करून सांगितलं. झाकायचं काहीच उरलं नव्हतं. बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण. डोळ्यांत जाऊ देऊ नका, चोळू नका, पाणी बदलत राहा. बाईंच्या न्हाणीघरात टब भरले. भाऊजींनी बदक धरायचं, पंख अंगाशी दाबून, आणि वहिनींनी धुवायचं. पहिलं पाणी चहासारखं झालं, दुसरंही तसंच. बदक भाऊजींच्या मनगटाला चावत होतं. ते चावू देत होते. बाई धुतलेलं बदक टॉवेलात गुंडाळून हीटरजवळच्या खोक्यात ठेवायच्या आणि त्याच्याशी काहीतरी पुटपुटायच्या. वहिनींनी आयुष्यभर काय काय धुतलं होतं. रक्त, औषधं, ओकाऱ्या. पण धुताना समोरचं धडधडतंय, असं कधी झालं नव्हतं. पिसांखाली बोटं गेली की ते एवढंसं काळीज हाताला लागायचं.

उजेड होता तोवर पालिकेचा माणूस येऊन गेला. त्याने गटाराचं तोंड मातीच्या पोत्यांनी बंद केलं. तळ्यात साबण ओतू नका, म्हणाला. तेल फुटून खाली बसेल, दिसणार नाही, पण राहील तिथेच. वरच्यावर टिपून घ्या. नोटीस येईल, तेही त्याने सांगितलं. "येऊ दे," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लाँड्रीच्या मुकादमीणबाईंकडे बाद झालेल्या चादरी मागितल्या. मुकादमीणबाई जिभेच्या तिखट. "कशाला गं? तळ्याला अंथरूण घालतेस का?" त्या म्हणाल्या. "तसंच समजा," वहिनी म्हणाल्या. त्यावर मुकादमीणबाईंनी आणखी काही न विचारता दोन गठ्ठे काढून दिले. फाटक्या चादरींचे लांब पिळे करून वहिनींनी आणि भाऊजींनी तळ्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लावले, हळूहळू ओढत आणले, काळे झाले की पिशव्यांत भरले. पुन्हा नवे पिळे. आठवडाभर रोज कामावरून येऊन हेच. पाठीचा पार भुगा झाला. आणखी एक बदक दगावलं. उरलेली वाचली. बाई दोघांशी कामापुरतंच बोलत होत्या. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून काठावर चहाचे दोन कप झाकून ठेवलेले असायचे.

मग राहिले ते जिन्याखालचे कॅन. सुट्टीच्या दिवशी वहिनी स्वतः दादांची गाडी घेऊन भाऊजींच्या घरी गेल्या. दादा गेल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. वाटेत गाडी दोनदा बंद पडली आणि मागच्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, पण पोचल्या.

भाऊजी आंघोळ करत होते. जाऊबाईंनी जिन्याखालचं सामान बाजूला केलं. दोघी एकेक कॅन उघडून वास घ्यायला लागल्या. पेट्रोलचा वास एकाच कॅनला होता. त्याला लाल चिंधी बांधून वेगळा ठेवला. बाकीच्यांची झाकणं पुसून, खाली प्लास्टिकचा तुकडा घालून, हाताला वळ उठेपर्यंत पिळली. शेडमधून कॅनबरोबर आलेले जुने ऑइल फिल्टर एका डब्यात उलटे ठेवून निथळून घेतलेले होते. ते भाऊजींनीच केलं होतं म्हणे. वहिनींनी गाडीतून आणलेल्या, तेलाने भिजलेल्या चादरींच्या पिशव्यांना दुहेरी गाठी मारल्या.

"ताई, एक बोलू? राग नका मानू," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"बोल."

"हे जेवताना झोपतात. घास हातात असतो आणि डोळे मिटतात. मी म्हणते, तिकडचं थोडं कमी करा. तर म्हणतात, दादा असता तर त्याने केलं असतं. अहो, दादांनी त्यांचं घर केलं असतं. दोन्ही घरं एकट्याने केली असती का?"

वहिनी झाकण पिळत होत्या. त्या थांबल्या. "तू आधी का नाही बोललीस?"

"तुमच्याकडे बघून जीभ रेटायची नाही."

वहिनींनी झाकणाला शेवटचा पीळ दिला. त्या म्हणाल्या, "चिऊला उद्यापासून मी सोडते शाळेत. पाळी बदलून मागते. आणि नळ गळू दे थोडा." जाऊबाई हसल्या आणि लगेच डोळे पुसायला लागल्या, तेलकट हातानेच. वहिनींनी त्यांचा हात धरला. "अगं, डोळ्यांत जाईल."

सगळं गाडीत चढवून झाल्यावर भाऊजी शेजारच्या सीटवर बसले. "मी चालवू का?" त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या. गाडी जड झाली होती. गचका बसू नये म्हणून त्या सावकाश चालवत होत्या, आणि मागे कॅन एकमेकांना टेकून गप्प बसले होते. केंद्राच्या फाटकाशी भली मोठी रांग होती. कुणाच्या गाडीत जुने टीव्ही, कुणाच्या रंगाचे डबे. गाड्या गोगलगायीसारख्या पुढे सरकत होत्या.

"भाऊजी, दादा असते तर," वहिनींनी सुरुवात केली, आणि शेजारी पाहिलं. भाऊजी झोपले होते. मान खिडकीच्या काचेला टेकलेली, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर उलटे पडलेले. अशी झोप त्यांनी लाँड्रीत रात्रपाळीहून निघालेल्या बायकांची पाहिली होती. ती झोप येत नाही, माणसावर कोसळते.

त्या पुढे बोलल्या नाहीत. रांग सरकली की गाडी हलकेच पुढे घ्यायच्या, हलकेच थांबवायच्या. नंबर आला तेव्हा त्यांनी दार आवाज न करता उघडलं आणि मागचं झाकण वर केलं. फाटकावरच्या माणसाने कॅन पाहिले. त्याने एक उघडला, वास घेतला, दुसरा उघडला. "हे काय, लाल चिंधी?"

"त्यात पेट्रोल मिसळलंय. तो वेगळा आहे."

"तो त्या पलीकडच्या पिंपाशी ठेवा. बाकीचे इकडे ओतायचे. फिल्टर त्या जाळीत. पिशव्यांत काय?"

"तेल टिपलेल्या चादरी."

त्याने भुवया उंचावल्या, पण विचारलं नाही. तोही दमलेलाच दिसत होता. त्याने गाडीत डोकावून पाहिलं. "साहेब आजारी आहेत का? हात लावायला माणूस देऊ?"

"आजारी नाहीत. दमलेत," वहिनी म्हणाल्या. "करते मी."

त्यांनी एकेक कॅन उचलून मोठ्या पिंपाच्या तोंडाशी टेकवला. काळं तेल जाड धारेने शांतपणे आत जात राहिलं. आपल्या नवऱ्याच्या इतक्या सुट्ट्या त्यात होत्या. त्या वेळी त्या चिडायच्या. म्हणायच्या, माणसं सुट्टीला बायकोला घेऊन फिरायला जातात, तुम्ही गाडीखाली जाता. दादा खालूनच म्हणायचे, "आलो, आलो." शेवटचा कॅन रिकामा झाला, धार थेंबांवर आली, तरी त्या तो तसाच तिरपा धरून उभ्या राहिल्या. रडू आलं ते त्यांनी येऊ दिलं. फाटकावरचा माणूस दुसऱ्या गाडीकडे गेला.

मग त्यांनी हात पुसले, रिकामे कॅन सांगितलेल्या ढिगात ठेवले आणि गाडीत येऊन बसल्या. फाटकाबाहेर पडताना चाक दगडावरून गेलं. भाऊजी दचकून जागे झाले.

"आला का नंबर?"

"झालं देऊन."

त्यांनी मागे वळून रिकामी जागा पाहिली. "मला उठवायचं ना, वहिनी."

"कशाला?"

ते सरळ बसले, डोळे चोळले, रस्त्याकडे बघायला लागले. "डावीकडून घ्या," ते म्हणाले, "पुढे रस्ता खोदलाय."

"दिसतोय मला," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही झोपा."